सशांच्या घरात कुत्र्याचं पिल्लू

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की घरात नावावरून वाद सुरू होतात, लशींच्या तारखा विचारल्या जातात, जुन्या चादरी बाहेर निघतात. घरात आधीपासून ससे असतील तर मात्र या सगळ्याच्या आधी एक प्रश्न मिटवायला हवा. शिकार करणाऱ्या कुळातला प्राणी आणि ज्याची शिकार होते तो प्राणी, हे दोघं एका फ्लॅटमध्ये राहू शकतात का? राहू शकत असतील तर कोणत्या अटींवर?

या प्रश्नाची दोन ठाम उत्तरं नेहमी ऐकू येतात. पिल्लू लहान आहे, सशांबरोबरच वाढेल, काही होत नाही, हे पहिलं. कुत्रा तो कुत्राच, एक ना एक दिवस सशाला धरणारच, हे दुसरं. प्राणिवर्तनाचा अभ्यास, पशुवैद्यकांचा अनुभव आणि ससे पाळणाऱ्यांनी जमवलेलं शहाणपण एकत्र ठेवून पाहिलं तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ‘यांची मैत्री होईल का’ हा प्रश्न आपण माणसं हौसेपोटी विचारतो. सशाच्या बाजूने विचारायचा प्रश्न असा आहे की पिल्लू आल्यावरही तो आपल्या घरात पूर्वीसारखा निर्धास्त खाईल का, पाय पसरून झोपेल का. सगळी तयारी या एका कसोटीवर तपासायला हवी.

पळून वाचणारा प्राणी

आपल्याकडचे पाळीव ससे हे युरोपीय सशाचे वंशज. त्यांचं मूळ स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडचं. महाराष्ट्रातल्या माळरानावर दिसणारा रानससा ही वेगळी जात आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे आणि त्याला पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे. युरोपीय ससा बिळांमध्ये, गटाने राहतो. धोका जाणवला की मागचा पाय जमिनीवर आपटून इतरांना सावध करायचं आणि बिळाकडे धूम ठोकायची, ही त्याची रीत. घरात बीळ नसतं. म्हणून त्याला पळून जायला जागा ठेवली आहे की नाही, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे जवळपास सगळ्या दिशांचं त्याला एकाच वेळी दिसतं. अपवाद फक्त थेट नाकासमोरच्या छोट्याशा पट्ट्याचा. पिल्लू ओळख करून घ्यायला नेमकं तिथेच येतं, नाकाला नाक भिडवायला. कुत्र्यांच्या जगात ही साधी चौकशी असते. सशाच्या बाजूने मात्र मोठं, उष्ण श्वासाचं काहीतरी अचानक तोंडावर आलेलं असतं.

त्याचा सांगाडा फार हलका असतो, शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के. मांजरात हे प्रमाण १२-१३ टक्के असतं. उलट मागचे पाय जबरदस्त ताकदीचे. घाबरलेल्या सशाने अडकलेल्या अवस्थेत जोरात लाथ झाडली तर त्या झटक्याने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणजे गंभीर इजा व्हायला पिल्लाने चावायचीही गरज नाही. सशाला हातात घट्ट धरून पिल्लाला हुंगू देणं याच कारणासाठी सर्वांत धोक्याचं.

तिसरी गोष्ट पोटाची. सशाचं पचन अखंड चालू राहावं लागतं. दिवसभर गवत खाणं आणि लेंड्या टाकणं हे त्याच्या तब्येतीचं घड्याळ आहे. भीती, वेदना किंवा ताण आला की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू साठतो, ससा खाणं सोडतो आणि त्यामुळे हालचाल आणखी मंदावते. बारा तास काहीच खाल्लं नाही तर तो तातडीचा आजार समजून डॉक्टरांकडे न्यावं लागतं. कुत्र्याने स्पर्शही न करता ससा दगावला अशा हकिगती ऐकू येतात, त्यांच्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

भीती रक्तातली, सवयही रक्तातली

कुत्रा कधीच न पाहिलेल्या सशाला त्याची भीती कशी वाटेल, असं कुणी विचारेल. रॅकेल मॉन्क्लुस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोल्हा कधीही न पाहिलेल्या युरोपीय सशांना कोल्ह्याच्या वासाला सामोरं आणलं होतं. त्यांचं वागणं बदललं आणि ताणाशी निगडित संप्रेरकंही वाढली. कुत्रा हा कोल्ह्याच्याच कुळातला. त्यामुळे पिल्लू दुसऱ्या खोलीत असलं तरी त्याची बातमी वासाने सशापर्यंत पोचलेली असते, हे धरून चालावं.

याला एक दिलासा देणारी बाजूही आहे. २०१८ साली रानटी आणि पाळीव सशांच्या मेंदूंची एमआरआयने तुलना झाली. भीतीशी संबंधित असलेला अमिग्डाला हा भाग पाळीव सशांत लहान आढळला आणि भीतीला आवर घालणारा पुढच्या मेंदूचा भाग मोठा आढळला. पाळीव ससा रानटी सशाइतका बुजरा राहिलेला नाही. नवी गोष्ट निरुपद्रवी आहे हे तो शिकू शकतो. मात्र हे शिकणं त्याच्या गतीने आणि सुरक्षित अंतरावरूनच होतं.

पिल्लाला सशात काय दिसतं

पिल्लाला सशाचा राग नसतो आणि भूकही लागलेली नसते. अमेरिकेतले कुत्र्यांचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीच्या वर्तनाची एक साखळी मांडली आहे. लक्ष जाणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारण्याचा चावा आणि शेवटी फाडून खाणं. माणसाने निरनिराळ्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या, काही दाबल्या. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात नजर आणि पाठलाग तीव्र असतो, चावा दबलेला असतो. लॅब्राडॉरला शिकाऱ्याने टिपलेला पक्षी न चिरडता तोंडात आणण्यासाठी तयार केलं. बीगल वासावरून सशांच्या मागे धावण्यासाठी आणि टेरियर घुशी-उंदीर मारण्यासाठी घडवले गेले.

आपल्याकडचं उदाहरण कारवान आणि मुधोळचं. मराठवाडा, सोलापूर आणि शेजारच्या कर्नाटकात हे सडपातळ, लांब पायांचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या रानात सशामागे धावण्यासाठी जोपासले गेले. धावती आकृती दिसली की डोकं वर, आणि पुढच्या क्षणी झेप. यात त्या कुत्र्याचा काही दोष नाही, त्याला असंच घडवलेलं आहे. देखणा आणि देशी म्हणून कारवानचं पिल्लू आणणाऱ्याने घरात ससे असतील तर हे पुन्हा पुन्हा आठवावं. गावठी पिल्लाबद्दल जातीवरून अंदाज बांधता येत नाही. काही गावठी कुत्रे अत्यंत समंजस असतात, काही खारीमागे झाडापर्यंत धावतात. तिथे प्रत्येक पिल्लाचा स्वभाव पाहूनच ठरवावं लागतं.

जात काहीही असो, पाठलागाची कळ दाबली जाते ती समोरचा प्राणी पळू लागला की. पिल्लू पुढचे पाय खाली टेकून, ढुंगण वर करून ‘चल खेळू’ म्हणतं. सशाला ही भाषा येत नाही, तो पळतो. तो पळाला की खेळाचा पाठलाग होतो, आणि पाठलागात पकड यायला वेळ लागत नाही. खेळणाऱ्या पिल्लाचे सुईसारखे दात सशाची पातळ कातडी सहज फाडतात.

‘एकत्र वाढवलं की झालं’ कितपत खरं?

या समजुतीत तथ्य आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रदीर्घ काम केलं आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने मांडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू ज्यांच्याबरोबर वावरतं त्यांना ते आपलं मानायला शिकतं, हे त्यातून पुढे आलं. आपल्याकडे २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण आईजवळ आणि भावंडांत ते चावा आवरायला शिकतं. म्हणजे पिल्लू आपल्या घरी येतं तेव्हा या नाजूक काळातला फार तर महिनाभर हाताशी असतो.

पण एकत्र वाढण्याचा परिणाम किती दूर पोचतो, हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. १९३० साली झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने मांजरीची पिल्लं तीन प्रकारे वाढवली. आई उंदीर मारताना पाहिलेल्या २१ पिल्लांपैकी १८ जणांनी पुढे उंदीर मारले. एकट्याने वाढलेल्या २० पैकी ९ जणांनी मारले. उंदरांच्या सोबतीने वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ जणांनी मारले. त्या तिघांनीही आपल्या सोबत्यासारखे उंदीर सोडून वेगळ्या प्रकारचे उंदीर मारले होते. प्रयोग मांजरांचा आहे, तरी त्यातून दोन गोष्टी कळतात. सहवासाने शिकारीची ओढ पुष्कळ कमी होते. आणि जी सूट मिळते ती ओळखीच्या प्राण्यापुरती असते. घरातल्या दोन सशांशी नीट वागणारा कुत्रा पुढे आणलेल्या तिसऱ्या सशाशी तसाच वागेल, याची खात्री नाही.

महाराष्ट्रात याचं जिवंत उदाहरण धनगरांच्या कळपात दिसतं. कळप राखणारी कुत्री लहानपणापासून कोकरांमध्ये वाढतात. पण त्या कुत्र्यांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची निवड असते, मेंढ्यांना त्रास देणारा कुत्रा कळपात टिकत नाही. शिवाय कळपात मोठी कुत्री असतात आणि माणसाची नजर दिवसभर असते. ‘धनगरांची कुत्री राहतात की’ म्हणताना ही सगळी व्यवस्था नजरेआड करून चालणार नाही.

तेल अवीव विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००८ साली कुत्रा आणि मांजर एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास केला. दोघं लहान वयात एकत्र आले तर जुळण्याची शक्यता जास्त असते, असं त्यात दिसलं. मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा सशांना लावता येत नाही. मांजर कपाटावर चढतं, फिस्कारतं, पंजा मारतं, आणि बहुतेक पिल्लं तेवढ्यावर धडा घेतात. सशाजवळ यातलं फारसं काही नाही.

आणखी एक काळ विसरला जातो. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो. लहानपणी सशाजवळ निवांत झोपणारं पिल्लू या काळात अचानक टक लावून पाहू लागतं, मागे लागतं. पालक म्हणतात, ‘इतके दिवस काही केलं नाही!’ खरं तर शिकारीच्या साखळीतल्या पुढच्या कड्या आता जाग्या होत असतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांच्या यशावर विसंबून दारं उघडी टाकू नयेत.

पिल्लू येण्याआधी

अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या हाउस रॅबिट सोसायटीसारख्या संस्थांनी ससा घरात, माणसांच्या सोबतीने कसा ठेवावा याचं ज्ञान लोकांपर्यंत नेलं. ब्रिटनमधल्या ससाप्रेमींच्या संस्थेची शिफारस आहे की दोन सशांना किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा कायम मोकळी हवी. मुंबईच्या वन-बीएचकेमध्ये ही जागा काढणं कठीण आहे. पण घरात कुत्रा येणार असेल तर तिची गरज आणखी वाढते.

सशांची खोली किंवा जाळीचं कुंपण आधी पक्कं करावं, आणि ससे त्यात रुळल्यावर पिल्लू आणावं. दोन्ही बदल एकाच दिवशी नकोत. आत लपायला पुठ्ठ्याची किंवा लाकडाची खोकी असावीत, प्रत्येकाला दोन दारं असावीत, म्हणजे एका दाराशी नाक आलं तर दुसऱ्याने निसटता येईल. जाळी बारीक हवी, पिल्लाचा पंजा किंवा सशाचं डोकं तिच्यातून जाता कामा नये. खोलीच्या दाराला आणखी एक जाळीचं दार असेल तर उत्तम, कारण एक दार चुकून उघडं राहिलं तरी दुसरं असतं. घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीही, ही दारं लावायची सवय करून घ्यायला हवी. सशांची जोडी असेल तर ओळखीसाठी तिला वेगळं करू नये, एकमेकांची सोबत हा त्यांचा मोठा आधार असतो.

उन्हाळ्याचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. तापमान तिशीच्या वर गेलं की सशाला त्रास होऊ लागतो. त्याला घाम येत नाही आणि कान हेच त्याचं अंग थंड ठेवण्याचं मुख्य साधन. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात घरातली कूलर किंवा एसीची खोली एकच असेल तर ती पिल्लाला देऊन सशांना बाल्कनीत हलवण्याचा मोह होतो. तसं करू नये. सर्वांत थंड खोली सशांचीच राहिली पाहिजे.

ओळखीची पायरी

पहिले काही दिवस भेट नकोच, फक्त वासाची ओळख. सशांच्या अंगाखालचं फडकं पिल्लाजवळ, पिल्लाचं फडकं सशांच्या खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवावं. त्यांच्या खाण्याजवळ ठेवू नये. ससे त्या फडक्याजवळून जाताना नेहमीसारखे गवत खात असतील तर पुढची पायरी.

मग दुरून दर्शन. वेळ निवडावी ती दुपारची. ससे पहाटे आणि संध्याकाळी उड्या मारतात, दुपारी पसरलेले असतात, म्हणजे पाठलाग सुरू होण्याचं निमित्तच नसतं. पिल्लू खेळून, शी-शू करून, दमलेलं असावं. पट्टा हार्नेसला लावलेला, गळ्याला ओढ बसणार नाही असा. एक माणूस पिल्लाजवळ, दुसरा सशांजवळ जमिनीवर बसलेला.

आता लक्ष पिल्लाच्या अंगाकडे. जाळीपलीकडे ससा हलतो. पिल्लाचं उघडं तोंड मिटतं. कान पुढे येतात. शेपूट हलायची थांबते, एक पुढचा पाय हवेत उचलला जातो, आणि नजर सशावर खिळते. दोन-तीन सेकंदांत हे सगळं होतं आणि याच दोन-तीन सेकंदांत आपण नावाने हाक मारायची असते. पिल्लाने मान वळवली की लगेच पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. मान वळलीच नाही तर अंतर कमी पडलं असं समजून दोन पावलं मागे जायचं. ससा दिसला की माणसाकडे बघायचं, कारण तिथून खाऊ येतो, हा धडा पक्का झाला की अर्धं काम झालं. ‘बस’, ‘सोड’ आणि ‘इकडे ये’ हे तीन शब्द पिल्लाला आधी सशांविना, घराच्या दुसऱ्या टोकाला शिकवलेले असावेत.

एका वेळी पाच मिनिटं पुरेत. चांगलं चाललेलं असतानाच थांबावं. जाळीपलीकडून पिल्लू सशाकडे दुर्लक्ष करून आडवं पडायला लागलं, आणि ससा त्याच्यासमोर बिनधास्त खाऊ लागला, की मगच एका खोलीत, पट्ट्यासह. जवळ जायचं की नाही हे सशाने ठरवायचं. पिल्लाला त्याच्याकडे नेऊ नये, सशाला उचलून पिल्लाकडे तर नेऊच नये. किती दिवस लागतील याचं वेळापत्रक नसतं. काही घरांत काही आठवडे लागतात, काहींत महिने.

शांत ससा आणि गोठलेला ससा

या विषयातली सर्वांत घातक चूक सशाच्या शांतपणाचा अर्थ लावताना होते. मोबाइलवर फिरणारं एक दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कुत्र्याच्या पंजांमध्ये ससा निपचित पडलेला, कुत्रा त्याला चाटतोय, खाली ‘किती गोड!’ असे शेरे. तोच ससा जरा जवळून पाहावा. कान पाठीला चिकटलेले, डोळे मोठे, कडेला पांढरी रेघ, शरीर जमिनीला दाबलेलं, नाकाची हालचाल थांबलेली किंवा फार वेगाने चाललेली. हा ससा निवांत नसून भीतीने गोठलेला आहे. पळणं शक्य नाही असं वाटलं की न हलता राहणं हाच त्याच्याजवळ उरलेला उपाय असतो. उताणा धरला की ससा ‘झोपतो’ म्हणतात, तीही हीच अवस्था.

खरोखर निर्धास्त ससा वेगळा ओळखू येतो. तो कुत्र्याकडे पाठ करून तोंड धुतो, कूस टाकून आडवा होतो, मागचे पाय लांब पसरतो, हवेत गिरकी घेऊन उडी मारतो. तो खातो. भेटीनंतरच्या चोवीस तासांत लेंड्या कमी झाल्या, बारीक झाल्या, ट्रेमध्ये शू करणारा ससा इकडेतिकडे करू लागला, खोक्यातून बाहेर येईनासा झाला, दात मोठ्याने करकरू लागला, तर त्याने उत्तर दिलेलं आहे. अशा वेळी एक पायरी मागे जावं. लेंड्या रोज पाहणं हे सशाच्या मनात काय चाललंय ते कळण्याचं सर्वांत विश्वासाचं साधन आहे.

चाव्यापलीकडचे धोके

दोन्ही प्राणी एकत्र असलेल्या घरात औषधांचा घोळ जीवघेणा ठरू शकतो. पिल्लाच्या पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकायचं किंवा अंगावर फवारायचं फिप्रोनिल हे औषध सशांना विषारी आहे. सशाला ते लावायचं नाहीच, शिवाय औषध लावलेलं पिल्लू पूर्ण सुकेपर्यंत सशांच्या जवळपास येऊ द्यायचं नाही, कारण ससे सोबत्याला चाटून स्वच्छ करतात. दुसरं औषध अॅमॉक्सिसिलिन. पिल्लाला ते सर्रास दिलं जातं. तेच सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचा समतोल बिघडून जिवावर बेतू शकतं. पिल्लाचं उरलेलं औषध सशाला कधीही देऊ नये.

जंताचं औषध फक्त पिल्लाच्या भल्यासाठी असतं असं नाही. कुत्र्यातला एक पट्टकृमी आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा सशाच्या शरीरात काढतो. कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेली अंडी गवतावर जातात, ते गवत ससा खातो आणि त्याच्या पोटात गाठी होतात. म्हणून सशांसाठी हरळी जिथून खुडून आणता ती जागा कुत्र्यांच्या फिरण्याची नसावी. पिल्लाचं कोरडं खाणं सशांना मिळू देऊ नये, त्यातली प्रथिनं आणि चरबी सशाच्या पोटाला झेपत नाही. उलट, पिल्लाने लेंड्या खाल्ल्या तर सहसा काही बिघडत नाही, सवय मात्र मोडावी.

पिल्लाचे दात लागलेच तर ‘रक्त नाही, मग ठीक आहे’ असं म्हणून थांबू नये. बाहेरून टाचणीएवढी दिसणारी जखम आत खोल असते, आणि सशाला धक्क्याचाही धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर. सशांवर उपचार करणारा पशुवैद्यक सगळीकडे मिळत नाही, म्हणून त्याचा पत्ता पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवावा. पिल्लाची रेबीजची लस, साधारण तीन महिन्यांच्या वयाला, चुकवू नये.

जिथे मतं फुटतात

काही जण सुचवतात की सशाला पिंजऱ्यात ठेवून पिल्लाला बाहेरून हुंगू द्यावं. बाहेरून हे सुरक्षित दिसतं. पण लहान पिंजऱ्यात सशाला मागे सरायलाही जागा नसते, आणि पिल्लू गोल गोल फिरून भुंकण्याची सवय लावून घेतं. मोठी जागा आणि लपायची खोकी असलेलं कुंपण केव्हाही बरं.

‘ससाच एकदा पंजा मारेल, पिल्लू शिकेल’ हे दुसरं मत. सशाचं नख पिल्लाच्या डोळ्यात जाऊ शकतं, आणि बिथरलेलं पिल्लू उलट चावूही शकतं. हा धडा देण्याची जबाबदारी माणसाची आहे, सशाची नाही. ओरडणं, नाकावर मारणं, झटका देणारे पट्टे यांचाही उपयोग नाही. ससा दिसला की दुखतं, एवढंच पिल्लू शिकतं, आणि मग त्याला सशाचाच राग येऊ लागतो.

पिल्लू आणावं की मोठा कुत्रा, यावर दोन्ही बाजूंना वजन आहे. पिल्लाचं मन घडवता येतं, पण त्याचा पुढचा स्वभाव आज कळत नाही आणि त्याच्या अंगात वारं भरलेलं असतं. तीन-चार वर्षांचा, लहान प्राण्यांबरोबर राहिल्याची खात्री असलेला शांत कुत्रा सशांच्या घराला अनेकदा जास्त मानवतो. दत्तक देणाऱ्या संस्था किंवा कुत्रा सांभाळणारं आधीचं घर ही माहिती देऊ शकतं. ससे असलेल्या घराने निदान हा पर्याय तपासावा, असं मला मनापासून वाटतं.

एका मुद्द्यावर मात्र जाणकारांत जवळपास एकमत आहे. कितीही वर्षांची ओळख असो, देखरेखीविना दोघांना एकत्र सोडायचं नाही. ‘दार वाजलं म्हणून उठलो, तेवढ्यात...’ हे वाक्य अपघातानंतर सांगण्यात काही अर्थ नसतो. उठताना पिल्लाला सोबत न्यावं.

न जुळणं हे अपयश नाही

काही पिल्लं महिनोन्‌महिने सराव करूनही सशाकडे टक लावणं सोडत नाहीत. काही ससे पाच मीटरवरूनही सावरत नाहीत. अशा घरांनी भेटींचा हट्ट सोडावा आणि पाळीपाळीने घर वाटून घ्यावं. पिल्लू क्रेटमध्ये झोपलेलं असताना सशांची धावपळ, ससे आत असताना पिल्लाचा खेळ. दोन बंद दारांच्या घरात हे वर्षानुवर्षं उत्तम चालतं आणि दोन्ही प्राणी सुखाने राहतात. मैत्री झाली तर तो आनंद, पण ती झाली नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

या सगळ्याचा निचोड असा. पिल्लू आणि ससे एका घरात राहू शकतात, पण ते पिल्लाच्या गोड स्वभावावर सोडून चालत नाही. दोन दारं, रोजची देखरेख आणि किमान दीड वर्षाची चिकाटी लागते. पाळीव ससा आठ ते बारा वर्षं जगतो, म्हणजे आपण त्याला आधीच दीर्घ काळाचा शब्द देऊन बसलो आहोत. घरात सशांसाठी बंद करता येईल अशी खोली किंवा जागा नसेल, दिवसभर घरी कुणी नसेल, किंवा आणायचं ठरलेलं पिल्लू शिकारी जातीचं असेल, तर थांबा. ससे आधी आले आहेत, त्या घरावर पहिला हक्क त्यांचा आहे, आणि तो पाळता येणार नसेल तर पिल्लू आणू नका.